छपरातून डोकावणारी भिंत आणि मॉडेलमधली वजाबाकी

उतरत्या छपराचं घर संगणकावरच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये पहिल्यांदा उभं करताना एक अडचण हमखास येते. भिंती ४ मीटर उंचीच्या काढल्या, त्यांवर दोन पाख्यांचं छप्पर ठेवलं आणि थ्रीडीत पाहिलं, तर भिंतींचे माथे छपरातून वर आलेले असतात. मग कोणीतरी सांगतं, भिंतीतून छप्पर वजा कर. आपण सॉलिड एलिमेंट ऑपरेशन्सचं, म्हणजे घन आकारांवरच्या क्रियांचं, पॅलेट उघडतो, भिंत निवडतो, छप्पर निवडतो, सबट्रॅक्शन निवडून बटण दाबतो. आणि काहीच होत नाही. किंवा सगळी भिंतच गायब होते. किंवा भिंतीचा वरचा तुकडा छपराच्या वर हवेत लटकून राहतो.

हे तिन्ही प्रकार मी नव्याने शिकणाऱ्यांच्या पडद्यावर इतक्या वेळा पाहिले आहेत, की कोणता प्रकार घडला हे ऐकलं की कारणाचा अंदाज बांधता येतो. बहुतेक लोक मात्र कमांडवर संशय घेतात. तीच कमांड पुन्हा देतात, सॉफ्टवेअर बंद करून चालू करतात, फाईल बिघडली असं ठरवतात. गणित करणारा भाग क्वचितच चुकतो. त्याच्या हातात आपण दिलेले दोन आकार, त्यांचा क्रम किंवा त्यांच्यातलं नातं, यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं. म्हणून कमांड सोडून आधी आकारांकडे बघायचं. या लेखात तेच कसं बघायचं ते सांगतो. उदाहरणं मुख्यतः आर्किकॅड या इमारतींचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण सॉलिड एलिमेंट ऑपरेशन्स हे नाव तिथलं आहे. पण रेव्हिट किंवा स्केचअप ही तशीच दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, कारण आतलं भूमितीचं काम सगळीकडे सारखंच चालतं.

कोण कापतंय, कोण कापलं जातंय

शाळेत संचांचा पाठ असतो. एकमेकांवर आलेली दोन वर्तुळं, त्यांचा संयोग, छेद आणि फरक. घन आकारांवरच्या क्रिया म्हणजे तोच पाठ त्रिमितीत. बेरीज केली की दोन्ही आकार मिळून एक होतो, छेद घेतला की फक्त सामाईक भाग उरतो आणि वजाबाकी केली की पहिल्यातून दुसऱ्याने व्यापलेली जागा निघून जाते. या क्रियांना बूलियन म्हणतात ते जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या नावावरून. तर्काचं बीजगणित मांडणारा त्याचा ग्रंथ १८५४ सालचा आहे. घन आकारांना ते बीजगणित लावून संगणकावर वस्तू घडवण्याचं काम १९७० च्या दशकात आकाराला आलं.

बेरजेत आणि छेदात क्रम बदलला तरी आकार तोच येतो. वजाबाकीत तसं नाही. सातातून तीन आणि तिनातून सात या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आर्किकॅडच्या पॅलेटमध्ये दोन वेगळी बटणं असतात. टार्गेट म्हणजे ज्याचा भाग कापला जाणार तो आणि ऑपरेटर म्हणजे कापणारा. आपल्या उदाहरणात भिंत टार्गेट आणि छप्पर ऑपरेटर.

‘काहीच झालं नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच अदलाबदल असते, आणि ती का दिसत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. भिंत ऑपरेटर आणि छप्पर टार्गेट झालं, तर छपरात भिंतीच्या मापाची खाच पडते. पण त्या खाचेत भिंत आधीपासूनच बसलेली असते. बाहेरून बघणाऱ्याला तसूभरही फरक दिसत नाही. भिंतीचा लेयर क्षणभर लपवून बघा. छपरात लांबट आरपार चीर दिसली तर क्रम उलटा झाला आहे.

आता हवेत लटकणारा तुकडा. समजा छप्पर २०० मिलिमीटर जाड आहे. साधी वजाबाकी भिंतीतून नेमकी ती २०० मिलिमीटरची जागा काढून टाकते. त्याच्या वर गेलेली भिंत छपराने व्यापलेलीच नाही, मग ती का जावी? सॉफ्टवेअरने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. इथे हवी असते वरच्या दिशेला एक्सट्रूजन करून केलेली वजाबाकी. त्यात ऑपरेटरचा आकार वर ताणला जातो आणि त्या ताणलेल्या पूर्ण जागेतून टार्गेट कापलं जातं. छपराच्या खालच्या पृष्ठभागापासून वरचं सगळं जातं. खालच्या दिशेचं एक्सट्रूजन नजरचुकीने निवडलं तर उलट होतं. छपराच्या सावलीतली सगळी भिंत नाहीशी होते आणि वरचा तेवढा तुकडा उरतो, तोही असला तर. सगळी भिंत गेली ही तक्रार आली की मी आधी ती दिशा बघतो.

हे ताणणं सरळ उभ्या रेषेत होतं. म्हणजे वरून पाहिल्यावर छप्पर जेवढी जमीन झाकतं, तेवढ्याच भागात काप बसतो. छपराची कड भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापेक्षा ३० मिलिमीटर आत असेल तर बाहेरच्या अंगाला ३० मिलिमीटर जाडीचा पापुद्रा पूर्ण उंचीने तसाच उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं वजाबाकी अर्धवट झाली. छपराची कड बाहेर ओढली की पापुद्रा जातो.

जमिनीत तळघराची खोदाई दाखवतानाही हाच प्रकार वापरतात. जमिनीचा मेश (चढउतारांसकट जमीन दाखवणारा घटक) टार्गेट, तळघराचा स्लॅब ऑपरेटर, एक्सट्रूजन वरच्या दिशेला. इथे एक जागा नेहमी चुकते, म्हणून ती जवळून दाखवतो. मेशला खाली किती जाडी द्यायची हे आपण ठरवतो. समजा ती जमिनीच्या पातळीपासून ३ मीटर खाली आहे आणि तळघराच्या स्लॅबचा तळ ४ मीटर खाली. वजाबाकी केली की खड्ड्याला तळच उरत नाही. सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढला तर तळघराखाली माती नाही, नुसती मोकळी जागा. हीच वजाबाकी मेशची जाडी १० मीटर करून पुन्हा बघा, खड्ड्याला व्यवस्थित तळ मिळतो. मेश घन न ठेवता नुसत्या पृष्ठभागाचा ठेवला असेल तर आणखी विचित्र दिसतं. जमिनीच्या चादरीला चौकोनी भोक पडतं आणि खड्ड्याच्या बाजूंना माती दिसत नाही. चादरीला आतला भाग नसतो, मग कापल्यावर दिसणार काय?

आत आणि बाहेर

घन आकार आपल्याला भरीव वाटतो. संगणकाला तो तसा माहीत नसतो. बहुतेक सॉफ्टवेअर आकाराचे फक्त पृष्ठभाग, कडा आणि कोपरे साठवतात. विटेचा भरीवपणा कुठेही लिहिलेला नसतो. सहा पृष्ठभाग एकमेकांना नीट जोडून एक बंद कवच करतात, आणि कवच बंद आहे म्हणून त्याच्या आतल्या जागेला ‘आत’ म्हणता येतं.

एखादा बिंदू आत आहे की बाहेर, हे ठरवायची एक साधी पद्धत आहे. त्या बिंदूपासून कोणत्याही दिशेला एक किरण सोडायचा आणि तो किती पृष्ठभाग ओलांडतो ते मोजायचं. विषम संख्या आली तर बिंदू आत, सम आली तर बाहेर. खोक्याच्या मध्यापासून निघालेला किरण एकच भिंत ओलांडतो. खोक्याबाहेरून आलेला किरण एकतर एकही भिंत ओलांडत नाही किंवा एकातून शिरून दुसऱ्यातून निघतो, म्हणजे दोन.

आता खोक्याचा एक पृष्ठभाग काढून टाका. आतल्या बिंदूपासून किरण त्या मोकळ्या बाजूने गेला तर शून्य मोजतो, दुसऱ्या बाजूने गेला तर एक. एकाच बिंदूला दोन उत्तरं. अशा आकारातून काय वजा करायचं हे संगणकाला ठरवताच येत नाही. काही सॉफ्टवेअर तसं सांगून थांबतात, काही निमूटपणे काहीच करत नाहीत, काही अर्धवट आकार परत देतात. ‘हा घटक घन नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो त्याचं मूळ इथे आहे.

म्हणून घन आकाराची अट अशी, की प्रत्येक कडेला बरोबर दोन पृष्ठभाग भेटले पाहिजेत. एकच भेटला तर तिथे भोक आहे. तीन भेटले तर आत एखादा फालतू पडदा राहिला आहे. खोकं ओढून मोठं करताना जुना पृष्ठभाग आत तसाच राहून जातो तेव्हा हे होतं, आणि बाहेरून ते कधीच दिसत नाही. साध्या घनाकृतींसाठी ऑयलरचं सूत्रही पडताळता येतं. कोपरे वजा कडा अधिक पृष्ठभाग यांचं उत्तर २ यायला हवं. विटेचं बघा, ८ वजा १२ अधिक ६, उत्तर २. झाकण काढलेल्या विटेचं उत्तर १ येतं. रोजच्या कामात कोणी हे मोजत बसत नाही, पण सॉफ्टवेअर कोणत्या प्रकारची तपासणी करत असेल याचा अंदाज त्यातून येतो.

आर्किकॅडमध्ये ही अडचण भिंत, स्लॅब, बीम यांच्यासारख्या घटकांत सहसा येत नाही, कारण त्यांचं कवच सॉफ्टवेअर स्वतः विणतं. ती येते मॉर्फमध्ये. २०१२ च्या सोळाव्या आवृत्तीत आलेलं हे साधन मोकळ्या हाताने आकार घडवायला फार उपयोगी आहे, पण त्याचा एखादा पृष्ठभाग चुकून पुसला तर तो घन राहत नाही, नुसतं टरफल उरतं. मॉर्फ घन आहे की नाही हे तपासायची कमांड तिथेच आहे, ती आधी चालवावी. स्केचअपमध्ये ग्रुप निवडून माहितीचा चौकोन उघडला की त्यात सॉलिड ग्रुप लिहिलेलं आहे का ते दिसतं. नसेल तर वजाबाकीचं साधन त्याला हातही लावत नाही. तिथे पृष्ठभागांच्या दोन बाजूंना वेगळे रंगही असतात. बाहेरून बघताना एखादा पृष्ठभाग निळसर करडा दिसला तर तो उलटा फिरला आहे, त्याला सरळ करावा लागतो.

बाहेरून आणलेले आकार ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. नळाची तोटी, नक्षीदार खांब, कुठल्यातरी यंत्राचं तपशीलवार मॉडेल फाईलमध्ये आणलं आणि त्यानेच भिंतीत भोक पाडायला गेलं, की हजारो त्रिकोणांतला एखादा तरी उघडा निघतोच. मला यात काहीच मिळवण्यासारखं वाटत नाही. यंत्र भिंतीतून जाणार असेल तर त्याच्याभोवती साधं खोकं काढावं आणि ते खोकं ऑपरेटर करावं. प्रत्यक्ष कामावरही भिंतीत यंत्राच्या आकाराचं भोक पडत नाही, चौकोनी जागाच सोडली जाते.

अगदी चिकटलेले पृष्ठभाग

नवशिक्या माणूस नीटनेटका असेल तर ही चूक त्याच्या हातून जास्त होते. स्लॅब १५० मिलिमीटर जाड आहे. त्यात जिन्यासाठी कटआउट पाडायचा म्हणून तो काळजीपूर्वक बरोबर १५० मिलिमीटर उंचीचं खोकं काढतो, स्लॅबच्या वरच्या आणि खालच्या पातळीशी तंतोतंत जुळवतो आणि वजा करतो. भोक पडतं, पण त्यावर पातळ पडदा राहतो. कधी तो दिसतो, कॅमेरा फिरवला की नाहीसा होतो, पुन्हा लुकलुकतो.

कारण आकड्यांच्या साठवणीत आहे. संगणक दशमान अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो आणि ०.१ सारखी साधी संख्यासुद्धा त्या पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. आपल्याकडे एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ असं पुढे पुढे जात राहतं तसंच. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज संगणकाला विचारली तर बऱ्याच भाषांत उत्तर येतं ०.३, त्यापुढे पंधरा शून्यं आणि शेवटी ४. आता स्लॅबचा माथा एका हिशेबाने ३ मीटरवर आला आणि खोक्याचा माथा दुसऱ्या हिशेबाने, तर दोघांत अब्जांशाचा फरक राहू शकतो. कोण वर, कोण खाली, की दोघे एकाच पातळीत? सॉफ्टवेअर एका मर्यादेपर्यंतचा फरक शून्य धरतं, पण त्या मर्यादेच्या काठावर काय निकाल लागेल याची खात्री देता येत नाही.

उपाय मात्र अगदी सोपा. कापणारा आकार मोठा ठेवा. १५० मिलिमीटरच्या स्लॅबसाठी खोकं वर १०० आणि खाली १०० मिलिमीटर बाहेर जाऊ द्या, म्हणजे ते ३५० मिलिमीटर उंचीचं होईल. लाकडात आरपार भोक पाडायचं तर गिरमिट पलीकडे बाहेर येईपर्यंत फिरवावंच लागतं, फळीच्या पाठीशी नेमकं थांबून चालत नाही. ही एक सवय लागली की माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

गोल आकारांत हाच त्रास वेगळ्या रूपात येतो. बरीच सॉफ्टवेअर वर्तुळ काढताना प्रत्यक्षात बहुकोन काढतात. ३०० मिलिमीटर त्रिज्येचा खांब ३६ बाजूंचा असेल तर प्रत्येक बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळापासून सुमारे १.१ मिलिमीटर आत असतो. तोच खांब २४ बाजूंचा काढला तर सुमारे २.६ मिलिमीटर आत. म्हणजे एकाच त्रिज्येचे दोन गोल आकार, एक भोक पाडायला आणि एक त्यात बसवायला घेतले, आणि त्यांच्या बाजूंची संख्या वेगळी असली, तर कडेने चंद्रकोरीसारख्या बारीक चिरा उरतात. बाजूंची संख्या सारखी ठेवा, कोपरे एकाच कोनातून सुरू होऊ द्या किंवा भोक थोडं मोठं घ्या.

फार लहान आणि फार लांबच्या मापांचंही असंच आहे. स्केचअपमध्ये एक सहस्रांश इंचाहून, म्हणजे सुमारे ०.०२५ मिलिमीटरहून जवळ आलेले बिंदू एकच धरले जातात, त्यामुळे बारीक तपशिलात पृष्ठभाग तयारच होत नाहीत. मॉडेल शंभरपट मोठं करून क्रिया करायची आणि मग परत लहान करायचं, ही तिथली जुनी युक्ती आहे. रेव्हिटमध्ये सुमारे ०.८ मिलिमीटरपेक्षा आखूड रेषा चालत नाही.

लांबच्या मापांचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याची लक्षणं भलतीकडे दिसतात. सर्वेक्षणाचा नकाशा आणला की इमारत मूळ बिंदूपासून, म्हणजे फाईलमधली मापं जिथून मोजली जातात त्या शून्यापासून, शेकडो किलोमीटर दूर जाऊन बसते. यूटीएम या पृथ्वीचे उभे पट्टे करून जागा मोजणाऱ्या पद्धतीत पट्ट्याच्या मध्यरेषेलाच ५,००,००० मीटर हा आकडा दिलेला आहे. पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड सहसा साधारण ७ अंकांच्या अचूकतेवर चालतं. ५ लाख मीटरच्या आसपास त्या अचूकतेत लागोपाठच्या दोन आकड्यांमधलं अंतर ३१ मिलिमीटर पडतं. २० लाख मीटरवर ते १२५ मिलिमीटर होतं. म्हणजे १०० मिलिमीटरची भिंत दाखवायला मोजपट्टीवर पुरेशा खुणाच नाहीत. रेषा थरथरतात, कडा वाकड्या दिसतात, नुकताच काढलेला काप फाटल्यासारखा दिसतो. आतला हिशेब जास्त अंकांत होत असला तरी मोठ्या आकड्यांत त्याचेही मोलाचे अंक वाया जातात. रेव्हिट तर आतल्या मूळ बिंदूपासून सुमारे १६ किलोमीटरच्या आतच भूमिती ठेवायला सांगतं. इमारत मूळ बिंदूजवळ ठेवावी आणि जगातली खरी जागा सर्व्हे पॉइंटने नोंदवावी. हे काम पहिल्या दिवशी पाच मिनिटांत होतं, सहा महिन्यांनी करायला गेलं तर दोन दिवस जातात.

कापणारा हरवला की

आर्किकॅडमधली वजाबाकी एकदा करून विसरायची गोष्ट नाही. टार्गेट आणि ऑपरेटर यांच्यात नातं तयार होतं आणि ते जिवंत राहतं. छप्पर हलवलं की भिंतीचा कापही हलतो. छताचा उतार बदलला तर भिंतींचे माथे आपोआप बदलतात, हे या पद्धतीचं खरं बळ आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की ऑपरेटर फाईलमध्ये राहायलाच हवा. तो पुसला की काप भरून येतो.

छप्पर हाच ऑपरेटर असेल तर प्रश्न नाही, ते हवंच असतं. पण भोकं पाडायला काढलेली खोकी दिसायला नको असतात, म्हणून ती वेगळ्या लेयरवर टाकून तो लेयर बंद करतात. लेयर बंद असला तरी काप शाबूत राहतो. अडचण होते ती कोणीतरी तो लेयर उघडल्यावर. मी एका मोठ्या मॉडेलवर काम करत असताना फाईल हलकी करायची म्हणून आमच्यापैकी एकाने सगळे लेयर उघडले. मॉडेलभर विखुरलेली शंभरेक करडी खोकी दिसली. लेयरच्या नावावरून काहीच बोध होत नव्हता, म्हणून ती उरलासुरला कचरा समजून पुसली गेली. दुसऱ्या दिवशी यंत्रखोलीच्या भिंतींतली सगळी भोकं बुजलेली होती आणि एअर डक्ट सरळ काँक्रीटमधून जात होते. कोणताही इशारा आला नव्हता, कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाईलमध्ये अशा खोक्यांचा लेयर ‘कापणारे – पुसू नये’ या नावाचा असतो आणि कुलूपबंद असतो.

स्केचअपमध्ये वागणूक वेगळी आहे, म्हणून एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाणारे गोंधळतात. तिथे सबट्रॅक्ट केल्यावर कापणारा आकार नाहीसा होतो आणि काप कायमचा होतो. कापणारा राहू द्यायचा असेल तर ट्रिम वापरायचं. आकार निवडताना आधी कापणारा आणि मग कापला जाणारा, असा क्रम आहे. रेव्हिटमध्ये फॅमिलीत (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार घटकात) काढलेला व्हॉइड, म्हणजे कापणारा पोकळ आकार, आधीपासून असलेल्या घन आकारांना कापतो, पण नंतर काढलेल्या घन आकाराला आपोआप कापत नाही. तिथे कट कमांड हाताने द्यावी लागते. आणि फॅमिली प्रकल्पात आणल्यावर तिने भिंत कापावी असं वाटत असेल, तर लोड केल्यावर व्हॉइडने कापण्याची खूण फॅमिलीच्या गुणधर्मांत चालू असावी लागते. ती विसरली तर व्हॉइड असूनही भिंत अखंड राहते.

चूक नेमकी कुठे आहे ते हुडकताना

वरचं सगळं माहीत असूनही एखादा काप अडतोच. तेव्हा अंदाज बांधत बसू नये. फाईलची प्रत काढावी. टार्गेट आणि ऑपरेटर, फक्त हे दोनच घटक, कॉपी करून रिकाम्या फाईलमध्ये मूळ बिंदूजवळ चिकटवावेत आणि तिथे क्रिया करून बघावी. जमली, तर दोष आकारांत नाही. मूळ फाईलमधलं अंतर, जुनी नाती किंवा दृश्याची मांडणी बघायला हवी. नाही जमली, तर ऑपरेटरच्या जागी त्याच मापाचं साधं खोकं ठेवायचं. खोक्याने काप बसला तर ऑपरेटर सदोष. खोक्यानेही बसला नाही तर टार्गेट सदोष. इतक्या तीन पायऱ्यांत शोध एका आकारापुरता येऊन थांबतो. एका टार्गेटवर वीस ऑपरेटर असतील तर निम्मे काढून बघावं, मग उरलेल्यांतले निम्मे. वीसमधला दोषी पाचेक फेऱ्यांत सापडतो.

काप बसला असूनही तो दिसत नाही, असंही होतं. थ्रीडीत ठराविक मजले किंवा ठराविक प्रकारचे घटक दाखवायची गाळणी लावलेली असते, किंवा आपण प्लॅनमध्ये बघत असतो. प्लॅनमधलं स्लॅबचं चित्र त्याच्या काढलेल्या बाह्यरेषेवरून बनतं, त्रिमितीतला काप त्यात उमटेलच असं धरून चालू नका. सेक्शनमध्ये आणि थ्रीडीत खात्री करा. कापलेल्या मातीला काँक्रीटचा रंग लागला असेल तर तो बिघाड नाही. नव्या पृष्ठभागांनी ऑपरेटरचे गुणधर्म घ्यायचे की टार्गेटने स्वतःचे ठेवायचे, ही निवड पॅलेटमध्येच आहे.

डोळ्यांपेक्षा मला घनफळावर जास्त भरवसा वाटतो. ६ मीटर गुणिले ४ मीटरचा, १५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे ३.६ घनमीटर. जिन्याचा कटआउट २.४ गुणिले १.२ मीटर, म्हणजे ०.४३२ घनमीटर. तक्त्यात निव्वळ घनफळ ३.१६८ यायला हवं. ३.६ आलं तर काप झालेलाच नाही, किंवा तुम्ही ढोबळ घनफळाचा रकाना बघताय. मधलाच एखादा आकडा आला तर खोकं स्लॅबच्या पूर्ण जाडीतून आरपार गेलेलं नाही. हा पडताळा एका मिनिटाचा आहे आणि तो करावाच. मॉडेलमधलं घनफळ पुढे अंदाजपत्रकात जातं, त्यावरून काँक्रीट मागवलं जातं. स्ट्रक्चरल इंजिनिअर आयएफसी फाईल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करायची फाईल) उघडतो तेव्हा त्याला जिन्याची जागा मोकळी दिसायला हवी, बुजलेली नको.

आणि शेवटी, प्रत्येक काप वजाबाकीने काढायचा नसतो. स्लॅबमधला चौकोनी कटआउट असेल तर स्लॅबच्याच बाह्यरेषेत भोक काढावं. ते प्लॅनमध्येही दिसतं आणि त्याला कुठला ऑपरेटर सांभाळावा लागत नाही. नळ आणि डक्टांसाठी २०१९ च्या तेविसाव्या आवृत्तीपासून आर्किकॅडमध्ये ओपनिंग नावाचं स्वतंत्र साधन आहे, ते एकाच वेळी भिंत आणि बीम दोन्हींतून जाऊ शकतं. काँक्रीटचा खांब विटांच्या भिंतीत शिरतो तिथे तर काही कापायची गरजच नाही. २०१३ च्या सतराव्या आवृत्तीपासून बिल्डिंग मटेरिअलला ० ते ९९९ असा प्राधान्यक्रम देता येतो. काँक्रीटचा आकडा विटेपेक्षा मोठा ठेवला की खांब आपली जागा आपणच करून घेतो. नुसता आकडा चुकल्यामुळे वीट काँक्रीटला कापतेय आणि ती दुरुस्त करायला कोणी पंधरा वजाबाक्या करून ठेवल्यात, अशा फाईली मी निस्तरल्या आहेत. त्या पंधरा काढून टाकल्या, आकडा बदलला आणि सगळे सांधे एकदम जागेवर आले.

छपराखालच्या भिंती छपरापर्यंत ट्रिम करण्याची आर्किकॅडमध्ये वेगळी कमांड आहे आणि साध्या दोन पाख्यांना ती पुरते. छपराला खिडकीचा उंचवटा असेल, दोन उतार वेगळ्या पातळीवर भेटत असतील आणि ट्रिमला कोणता भाग ठेवायचा हे कळेनासं झालं, की मग सॉलिड एलिमेंट ऑपरेशन्सचं पॅलेट उघडावं. भिंत टार्गेट, छप्पर ऑपरेटर, एक्सट्रूजन वरच्या दिशेला, छपराची कड भिंतीच्या बाहेर.